हिंदुस्थानी कंठसंगीताचा राष्ट्रीय सन्मान : एका वर्गनामाचा इतिहास

१९५२ साली हिंदुस्थानी कंठसंगीतासाठीचा पहिला राष्ट्रीय सन्मान रामपूर-सहसवान परंपरेतील मुश्ताक हुसेन खाँ यांना मिळाला. त्या वेळी खाँसाहेबांनी वयाची सत्तरी ओलांडली होती. आणि ज्या रामपूर दरबाराच्या आश्रयाने त्यांचे गाणे वाढले व नांदले, ते संस्थान १९४९ सालीच भारतीय संघराज्यात विलीन झाले होते. गायक उरला होता, दरबार उरला नव्हता. संगीत नाटक अकादमीच्या या सन्मानाचा इतिहास पाहू जाता ही आरंभीची परिस्थिती दृष्टीआड करून चालत नाही. कारण पुढील वीस-पंचवीस वर्षांत या सन्मानाने जे केले आणि जे करावयाचे टाळले, त्या दोहोंचे मूळ या परिस्थितीत आहे.

अकादमीच्या स्थापनेचा ठराव केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने ३१ मे १९५२ रोजी केला. पहिले अध्यक्ष पी. व्ही. राजमन्नार हे होत. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले ते २८ जानेवारी १९५३ रोजी. सन्मानितांची यादी मात्र १९५१-५२ या वर्षापासून सुरू होते. म्हणजे संस्था कामाला लागण्यापूर्वीच सन्मानाची प्रथा अस्तित्वात आली होती. पहिल्या वर्षी मानकरी चार : हिंदुस्थानी कंठसंगीतासाठी मुश्ताक हुसेन खाँ, हिंदुस्थानी वाद्यसंगीतासाठी अल्लाउद्दीन खाँ, कर्नाटक कंठसंगीतासाठी अरियाकुडी रामानुज अय्यंगार आणि कर्नाटक वाद्यसंगीतासाठी वैणिक कारैकुडी सांबशिव अय्यर. दोन पद्धती आणि प्रत्येकीचे दोन विभाग, असा हा चार घरांचा आराखडा होता. नृत्य, नाट्य इत्यादी विभाग पुढे जोडले गेले. परंतु संगीताची ही चार घरे पुढेही या यादीचा पाया राहिली. प्रस्तुत विवेचन त्यांपैकी एकाच घराविषयीचे आहे.

सन्मान नवा होता, तसा त्याच्यासाठी वापरावयाचा शब्दही मराठीत स्थिर झालेला नव्हता. गवयाला मिळणाऱ्या द्रव्यासाठी मराठीत पूर्वापार चालत आलेला शब्द ‘बिदागी’ हा होय. निरोप या अर्थाच्या अरबी शब्दापासून तो आलेला आहे. बैठक संपली, गवई निघाला, त्या वेळी त्याच्या हाती ठेवावयाची रक्कम ती बिदागी. या शब्दात यजमान घरचा आणि गवई बाहेरचा, हा संबंध गृहीत आहे. ‘पारितोषिक’ हा शब्द परितोषापासून, म्हणजे देणाऱ्याच्या संतोषापासून, सिद्ध झालेला आहे. येथेही प्रमाण आहे ते दात्याच्या मनाचे. ‘पुरस्कार’ या शब्दाची घडण निराळी. पुरस् म्हणजे पुढे, समोर. ज्याला पुढे करावयाचे, अग्रभागी ठेवावयाचे, त्याचा पुरस्कार. मराठीत एखाद्या मताचा पुरस्कार करणे म्हणजे त्याची उघडपणे बाजू घेणे, हा अर्थ रूढ होता व आजही आहे. सन्मानचिन्ह किंवा बक्षीस या अर्थाने हा शब्द सर्वत्र वापरला जाऊ लागला तो त्या मानाने उशिरा. बिदागीपासून पुरस्कारापर्यंतचा हा प्रवास केवळ शब्दांचा नाही. दाता बदलला, तसे गवयाचे स्थानही बदलले. संस्थानिक ज्या गवयाला ऐकत असे त्याला बिदागी देत असे; गणराज्याला मात्र कान नसतात. त्याला समिती नेमावी लागते, वर्ग पाडावे लागतात आणि प्रत्येक वर्गाला नाव द्यावे लागते.

‘कंठसंगीत’ हे त्यांपैकी एक नाव. बैठकीत वावरणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडी हा शब्द क्वचितच असे. तो ‘गाणे’ म्हणे, फार तर ‘पक्के गाणे’ किंवा ‘रागदारी’ म्हणे. आणि नेमके बोलावयाचे झाल्यास ध्रुपद, ख्याल, ठुमरी, टप्पा असा प्रकारांचा उल्लेख करी. शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त गीत, वाद्य आणि नृत्य या तिहींना मिळून संगीत म्हटले आहे; तेथेही गीत आहे, कंठ नाही. गाण्याचे वर्गीकरण ज्या अवयवातून ते निघते त्यावरून करावे, ही कल्पना कार्यालयीन सोयीची आहे. सोयीचा एक परिणाम असा की, या घराच्या दारावर प्रकाराचे नाव नव्हते. ध्रुपदिया, ख्यालिया आणि ठुमरी गाणारी यांना एकाच दारातून आत यावे लागणार होते. ही त्रुटी म्हणावी की उदारता, याचा निर्णय पुढील यादीवरूनच करावा लागतो.

यादीकडे वळण्यापूर्वी तिच्यात जे नाहीत त्यांचा विचार करणे युक्त ठरेल. अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, रामकृष्णबुवा वझे १९४५ साली, अल्लादिया खाँ १९४६ साली, किराण्याचे वहीद खाँ १९४९ साली आणि आग्रा घराण्याचे फैयाज खाँ १९५० साली. सवाई गंधर्वांचे निधन १२ सप्टेंबर १९५२ रोजी, अकादमीच्या स्थापनेचा ठराव होऊन चार महिनेही झाले नव्हते तोच झाले. ख्यालगायनाचे आधुनिक रूप ज्या पिढीने घडविले ती पिढी जवळजवळ संपूर्णपणे या सन्मानाच्या उंबरठ्याअलीकडेच राहिली. परिणामी आरंभीच्या वर्षांत सन्मान गेला तो त्या पिढीच्या शिष्यांकडे, किंवा तिच्या बरोबरीच्या पण दीर्घायुषी अशा गायकांकडे. तो व्यक्तीला दिला गेला हे खरे. तथापि तिच्यामागे उभ्या असलेल्या दिवंगत गुरूलाही त्यात वाटा होता, असे म्हणावयास हरकत नाही.

१९५३ च्या मानकरी केसरबाई केरकर यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. गोव्यातील केरी या गावी १८९२ साली जन्मलेल्या केसरबाईंनी लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँ यांच्याकडे काही महिने, नंतर वझेबुवांकडे, पुढे मुंबईत भास्करबुवा बखले यांच्याकडे तालीम घेतली. या तिन्ही तालमी तुटक राहिल्या. १९२१ च्या सुमारास अल्लादिया खाँ यांनी त्यांना शिकविण्याचे मान्य केले आणि तेव्हापासून खाँसाहेबांच्या अखेरीपर्यंत, म्हणजे सुमारे पाव शतक, ही तालीम चालली. वीणेच्या तारेसारखा अखंड आस असलेला आकार, अनवट आणि जोड रागांची मांडणी, श्वास कोठे घेतला हे श्रोत्याला कळू न देणारी तान, ही अल्लादिया खाँ यांच्या गायकीची लक्षणे केसरबाईंच्या कंठातून ज्या शुद्धतेने ऐकू येत, तिला तोड नव्हती असे त्या पिढीचे जाणकार सांगत. ध्वनिमुद्रणाविषयी त्यांना आस्था नव्हती. ज्या मोजक्या तबकड्या आहेत त्यांत पाऊण तासाचा राग तीन मिनिटांत आटोपावा लागलेला आहे. म्हणजे ज्या गायिकेची कला बैठकीबाहेर जवळजवळ गेलीच नव्हती, तिला सरकारने दुसऱ्याच वर्षी निवडले. ही निवड ऐकीव कीर्तीवरून होणे शक्य नव्हते. निवडणाऱ्यांत तिच्या बैठका ऐकलेली माणसे होती असेच मानावे लागते. (याच केसरबाईंचे भैरवीतील एक लहानसे ध्वनिमुद्रण १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेले. दुसरे यान ५ सप्टेंबरला सुटले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या.)

१९५४ साली देवासचे रजब अली खाँ यांची निवड झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत जे दिसते ते मराठी वाचकाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. १९५५ साली अनंत मनोहर ऊर्फ अंतूबुवा जोशी, १९५६ साली राजाभैया पूछवाले, १९५८ साली गणेश रामचंद्र बेहेरेबुवा, १९५९ साली कृष्णराव शंकर पंडित आणि १९६१ साली यशवंत सदाशिव मिराशीबुवा. केसरबाई धरून पहिल्या दहा वर्षांत निदान सहा वेळा हा सन्मान मराठी अथवा कोंकणी घरात गेला आणि त्यांपैकी चौघे ग्वाल्हेर परंपरेचे. प्रांतिक अभिमानाने पाहणाऱ्यास यात समाधान वाटेल. परंतु त्याचे कारण प्रांतात नसून एका प्रवासात आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे ग्वाल्हेर परंपरेचा ख्याल वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून शिकून दक्षिणेत परतले आणि मिरज-इचलकरंजी या टापूत राहून त्यांनी शिष्य तयार केले. अंतूबुवा आणि मिराशीबुवा हे दोघे त्यांचे साक्षात् शिष्य. विष्णु दिगंबर पलुसकर हे तिसरे, आणि विष्णु दिगंबरांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर यांना १९६३ साली हाच सन्मान मिळाला. म्हणजे अवघ्या नऊ वर्षांत बाळकृष्णबुवांच्या एका शाखेकडे तो तीनदा गेला. दुसरी बाजू ग्वाल्हेरातच राहिलेल्या मराठी कुटुंबांची. शिंद्यांच्या राज्याबरोबर उत्तरेत गेलेल्या आणि तेथेच रुजलेल्या या घरांत हद्दू-हस्सू-नथ्थू खाँ यांची विद्या पोहोचली. शंकरराव पंडित व त्यांचे पुत्र कृष्णराव हे त्या परंपरेचे शिखर.

तरीही केवळ परंपरेची थोरवी हे या निवडींचे पुरेसे स्पष्टीकरण नव्हे. ग्वाल्हेरच्या या मंडळींत आणखी एक गोष्ट समान होती. ती सारी शिक्षक होती, आणि आपली विद्या लिखित किंवा संस्थाबद्ध रूपात आणणारी होती. कृष्णरावांनी १९१४ साली ग्वाल्हेरात वडिलांच्या नावे गांधर्व महाविद्यालय काढले. राजाभैया माधव संगीत विद्यालयाचे प्राचार्य होते. हे विद्यालय १९१८ साली माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने व पं. भातखंडे यांच्या योजनेनुसार सुरू झाले होते. भातखंड्यांची स्वरलेखनपद्धती पारंपरिक गवयांपैकी ज्यांनी प्रथम आत्मसात केली त्यांत राजाभैयांची गणना होते. मिराशीबुवांनी नाटक मंडळीतील आपल्या कीर्तीवर विसंबून न राहता ग्वाल्हेरच्या बंदिशींचे संग्रह प्रसिद्ध केले. शासनयंत्रणेला ज्या प्रकारची विद्या ओळखता येते त्या प्रकारची ही विद्या होती : तिला अभ्यासक्रम होता, पुस्तक होते, पाटी होती. उलट, ज्याची सारी कमाई कंठात आणि चार शिष्यांच्या स्मरणात आहे अशा गवयाला सरकारी कागदावर पकडणे कठीण. केसरबाईंची निवड या नियमाला अपवाद म्हणून उठून दिसते. राजाभैयांच्या वाट्याला मात्र हे भाग्य अल्पकाळच आले. ज्या वर्षाचा सन्मान त्यांच्या नावावर आहे त्याच वर्षी, १९५६ मध्ये, त्यांचे निधन झाले.

१९५७ चे नाव या मालिकेत अगदी वेगळे आहे : बनारसच्या रसूलनबाई. त्या ठुमरी, टप्पा, पूरब अंगाची दादरा-चैती गाणाऱ्या. ख्यालाच्या तुलनेत या प्रकारांना ‘उपशास्त्रीय’ म्हणण्याची रीत पुढे पडली. त्या शब्दातील उपसर्गानेच पायरी ठरवून टाकली. अकादमीच्या वर्गनामात असा उपसर्ग नव्हता. कंठसंगीत म्हणजे कंठसंगीत. त्यामुळे दोन ख्यालगायकांच्या मध्ये बनारसच्या ठुमरीगायिकेला जागा मिळू शकली. वर्गनामाच्या संदिग्धतेचा असा लाभ पुढे सिद्धेश्वरी देवी (१९६६) आणि बेगम अख्तर (१९७२) यांनाही झाला. १९६४ साली ध्रुपदिये रहिमुद्दीन खाँ डागर याच घरात आले. प्रकाराचे नाव न घेणारे हे दार संकुचित नव्हते, असे या निवडींवरून म्हणता येते.

परंतु रसूलनबाई, सिद्धेश्वरी देवी आणि बेगम अख्तर ही तीन नावे एकापुढे एक ठेवली असता भाषेच्या अभ्यासकाला आणखी एक इतिहास दिसतो. उत्तर हिंदुस्थानात गाणाऱ्या स्त्रीच्या नावामागे लागणारा ‘बाई’ हा शब्द तिचा व्यवसाय आणि तिचा समाज सूचित करी. मराठीत याच शब्दाची प्रकृती सर्वस्वी भिन्न आहे. जिजाबाई, अहिल्याबाई, रमाबाई, शाळेतील बाई : मराठीत ‘बाई’ हा आदराचा प्रत्यय आहे आणि त्यात व्यवसायाची सूचना नाही. एकच शब्द, एकच उच्चार. नर्मदेच्या अलीकडे मान आणि पलीकडे संशय. १९४६ साली, माहिती व नभोवाणी खाते वल्लभभाई पटेल यांच्याकडे असताना, ज्यांचे खाजगी जीवन लोकापवादाचा विषय झाले आहे अशा कलावतींना नभोवाणीवर गाऊ देऊ नये असे धोरण घेण्यात आले. त्या धोरणाचा फटका प्रामुख्याने या ‘बायां’ना बसला. पुष्कळजणींनी विवाहाचा आधार घेतला, काहींनी ‘देवी’ किंवा ‘बेगम’ हे नामाभिधान पत्करले, काही गाण्यातूनच गेल्या. फैजाबादच्या अख्तरीबाई १९४५ च्या विवाहानंतर बेगम अख्तर झाल्या आणि अकादमीच्या यादीत त्याच नावाने आल्या. रसूलनबाईंनी १९४८ साली मुजरा सोडला. ‘बाई’ मात्र सोडले नाही. सरकारच्या एका खात्याने ज्या शब्दापासून ध्वनिक्षेपकाचे रक्षण केले, तोच शब्द सरकारच्याच दुसऱ्या संस्थेने अकरा वर्षांनी ताम्रपटावर कोरावा, ही विसंगती नोंदण्याजोगी आहे. ती सुखद विसंगती आहे. पण तिचा रसूलनबाईंच्या आयुष्याला किती उपयोग झाला हा प्रश्न राहतोच. १९६९ च्या अहमदाबादच्या दंगलीत त्यांचे घर जळाले आणि १९७४ साली हलाखीतच त्यांचा अंत झाला. सन्मानात निवाऱ्याची हमी नव्हती. दरबारात बिदागीबरोबर तैनात असे. पुरस्काराबरोबर ती नव्हती.

मराठीतील ‘बाई’ निष्पाप होती म्हणून येथील गायिकांचा मार्ग निष्कंटक होता असे मात्र समजू नये. केसरबाई आणि मोगूबाई कुर्डीकर (१९६८) या दोघी गोव्यातील कलावंत समाजातून आलेल्या. हिराबाई बडोदेकर (१९६५) या अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांच्या कन्या. या तिन्ही आडनावांची घडण पाहावी : केरीच्या केरकर, कुर्डीच्या कुर्डीकर, बडोद्याच्या बडोदेकर. अकादमीची रत्नसदस्यता मिळविणाऱ्या पहिल्या स्त्री अंजनीबाई मालपेकर (१९५८) यांचे नावही याच साच्यातील. गावाच्या नावाला ‘-कर’ जोडून आडनाव करण्याची रीत मराठीत सार्वत्रिक आहे आणि तिच्यात कुळाचा उल्लेख अनिवार्य नाही. पित्याच्या नावाने ओळखले जाणे ज्यांना शक्य वा इष्ट नव्हते त्या स्त्रियांना या प्रत्ययाने एक अब्रूदार, कोणत्याही सरकारी यादीत सहज बसणारे नाव दिले. उत्तरेतील भगिनींना जे ‘देवी’ने करावे लागले ते येथे ‘-कर’ने आधीच करून ठेवले होते. (मोगूबाईंचे कुर्डी हे गाव आता साळावली धरणाच्या पाण्याखाली असते व उन्हाळ्यात पाणी ओसरले की काही दिवस उघडे पडते. आडनाव मात्र कायम आहे.) हिराबाईंनी तिकीट लावून स्त्रियांच्या गाण्याच्या जाहीर मैफली रूढ केल्या, पुरुषगायकांप्रमाणे रंगमंचावर बसून गाण्याचा पायंडा पाडला, १९६५ चा सन्मान त्यांच्या गळ्याइतकाच या धैर्याचाही मानला पाहिजे.

पुरुषांच्या नावांचा प्रश्न त्या मानाने साधा आहे. तरी ‘बुवा’ या शब्दाविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मूळचा हा शब्द गोसावी, कीर्तनकार, साधुपुरुष यांना लागणारा. बैठकीचा गवई आणि देवळातील कीर्तनकार यांची सीमारेषा पुसट असताना तो गवयाला लागला. बेहेरेबुवा आणि मिराशीबुवा यांच्यापर्यंत तो टिकला. त्यानंतरच्या पिढीत त्याची जागा बहुतांशी ‘पंडित’ने घेतली आणि हिंदू गवई पंडित, मुसलमान गवई उस्ताद अशी सरळ वाटणी झाली. जुन्या मराठी श्रोत्याच्या ‘बुवा’ आणि ‘खाँसाहेब’ या जोडीत जी घरगुती जवळीक होती ती या नव्या जोडीत नाही.

या घराच्या भिंती कोठे होत्या हे कळण्यासाठी एक शेजारचे घर पाहावे लागते. बालगंधर्वांना अकादमीचा सन्मान मिळाला तो १९५५ साली, मराठी रंगभूमीवरील अभिनयासाठी. त्याच वर्षी कंठसंगीताचे मानकरी अंतूबुवा होते. अंतूबुवांच्या योग्यतेविषयी शंका नाही. परंतु भास्करबुवांकडे शिकलेला, ज्याच्या नाट्यपदांच्या रूपाने रागसंगीत महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचले असा गायक ‘अभिनय’ या सदरात जमा व्हावा, हे वर्गीकरणाच्या आडमुठेपणाचे उदाहरण आहे. नाट्यसंगीत हे रागदारीही आहे आणि नाटकही आहे. दिल्लीच्या आराखड्यात अशा दुहेरी वस्तूला घर नव्हते. ज्या वर्गनामाने ठुमरीला सामावून घेतले त्याच वर्गनामाच्या बाहेर नाट्यपद राहिले, कारण ठुमरी रंगभूमीवर जात नव्हती.

बडे गुलाम अली खाँ यांची १९६२ ची निवड वेगळ्या सीमारेषेशी निगडित आहे. फाळणीनंतर खाँसाहेब पाकिस्तानात गेले होते. तेथून परत येऊन त्यांनी भारताचे नागरिकत्व स्वीकारले. कसूरची गायकी राष्ट्रीय सन्मानाच्या यादीत येऊ शकली ती या निर्णयामुळे. संगीताच्या नकाशावर लाहोर-कसूर आणि पतियाळा यांमध्ये सीमा नव्हती, पारपत्रावर होती.

‘हिंदुस्थानी’ या विशेषणाची कसोटी १९७० नंतरच्या पाच-सहा वर्षांत लागली. मल्लिकार्जुन मन्सूर (१९७१), गंगूबाई हनगल (१९७३), कुमार गंधर्व (१९७४) आणि त्यांच्यापाठोपाठ भीमसेन जोशी. चौघांचीही मातृभाषा कन्नड, चौघांचाही जन्म कर्नाटकातला, आणि चौघेही हिंदुस्थानी कंठसंगीताचे मानकरी. गंगूबाईंच्या मातोश्री अंबाबाई या कर्नाटक पद्धतीच्या गायिका होत्या. एका पिढीत एका घराची पद्धत बदलली. हे घडले ते पुन्हा मिरज-कुंदगोळ-धारवाड या वाटेनेच. मन्सूरांचे पहिले गुरू मिरजेचे नीलकंठबुवा व पुढचे गुरू अल्लादिया खाँ यांचे पुत्र; गंगूबाई व भीमसेन यांचे गुरू सवाई गंधर्व; कुमारांचे गुरू विष्णु दिगंबरांचे शिष्य बी. आर. देवधर. १९५२ मध्ये आखलेली हिंदुस्थानी आणि कर्नाटक ही विभागणी भौगोलिक वाटते खरी, पण ती भाषेच्या नकाशाशी जुळत नाही, प्रांताच्या नकाशाशी तर नाहीच. ती केवळ तालमीची विभागणी आहे.

याच सुमारास सन्मानाच्या आशयात एक पालट झाला, आणि तो या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा पालट म्हणावा लागेल. अमीर खाँ यांची निवड १९६७ सालची. त्यांना कोणत्याही एका घराण्याचे प्रतिनिधी म्हणून सादर करणे शक्य नव्हते. रजब अली खाँ व वहीद खाँ यांच्या गायकीचे संस्कार पचवून त्यांनी स्वतःची अतिविलंबित, चिंतनशील ख्यालपद्धती सिद्ध केली होती. कुमार गंधर्वांनी तर घराण्याची चौकटच प्रश्नांकित केली. माळव्याच्या लोकधुनांतून नवे राग रचले, आणि त्यासाठी जाणत्यांचा रोष पत्करला. १९५५ साली अंतूबुवांना सन्मान देताना अकादमीने एका परंपरेची पोच दिली होती. १९७४ साली कुमारांना देताना तिने एका व्यक्तीच्या बंडाला मान्यता दिली. वर्गनाम तेच राहिले. पण ‘कंठ’ या शब्दाचा अर्थ आता गुरूकडून आलेला आणि शिष्याकडे जाणारा कंठ असा न राहता, एका माणसाचा कंठ असा झाला. एकल गायनाची, एका नावावर उभ्या राहणाऱ्या गायकाची जी कल्पना आज स्वाभाविक वाटते, ती या संगीतात फार जुनी नाही. बैठकीत मागे तंबोऱ्यावर बसलेला शिष्य गुरूचा स्वर उचलून धरतो, सारंगीया किंवा पेटीवाला ओळ पुरी करतो. त्या अर्थाने ख्यालगायन कधीच सर्वस्वी एकट्याचे नसते. घराण्यातील भाऊभाऊ एकत्र गातात त्याची तर प्राचीन परंपरा आहे. १९९८ साली बनारसचे राजन व साजन मिश्र या बंधूंना हा सन्मान संयुक्तपणे देण्यात आला, तेव्हा एकाच घरात दोन नावे लिहिण्याची वेळ आली.

वयाचा प्रश्न मात्र मिटला नाही. मुश्ताक हुसेन खाँ यांच्यापासून पाहिले तर आरंभीचे बहुतेक मानकरी साठी-सत्तरीचे होते. तेव्हा ते अपरिहार्य होते, कारण संस्थानी काळाचे देणे फेडावयाचे होते. नंतरच्या काळात वर्षाला देशभरातून थोडेच कलावंत निवडावयाचे आणि वाट पाहणारे पुष्कळ, यामुळे विलंब हा सन्मानाचा स्थायीभाव झाला. २००६ साली चाळीस वर्षांच्या आतील कलावंतांसाठी बिस्मिल्ला खाँ यांच्या नावे युवा पुरस्कार सुरू करण्यात आला. दुसऱ्या टोकाची दखल त्यानंतर बऱ्याच वर्षांनी घेतली गेली. वयाची पंचाहत्तरी उलटली तरी ज्यांना तोपर्यंत कोणताही राष्ट्रीय सन्मान मिळाला नव्हता अशा ८४ कलावंतांना १६ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीत एकाच समारंभात गौरविण्यात आले. या सन्मानाला ‘अमृत’ हे नाव स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीवरून दिलेले होते. मराठीत पंचाहत्तराव्या वाढदिवसाला अमृतमहोत्सव म्हणण्याची रूढी त्याहून पुष्कळ जुनी आहे. १९५२ साली रामपूरच्या खाँसाहेबांचे वय साधारण एवढेच होते.